फ्रेंचमधली तीन पानं, मराठीतलं एक

राजारामपुरी, कोल्हापूर
६ जानेवारी २०२५

ती. चंदना आत्तीस,
भाग्यश्रीचा जय जिनेंद्र.

फ्रेंचच्या परीक्षेचा निकाल लागला. नापास. लेखन, वाचन, ऐकणं हे सगळं रडतखडत पार पडलं, पण तोंडी परीक्षेत पंचवीसपैकी चार. पाच लागतात. एका गुणासाठी सहा महिने पाण्यात गेले.

फोनच करणार होते, पण तुमच्या कानांचं मला ठाऊक आहे. मी इकडून बोंबलणार, तुम्हाला काही कळणार नाही आणि आमच्या गल्लीला मात्र सगळं कळणार. म्हणून पत्र.

झालं असं. विषय आला, म्हाताऱ्या माणसांनी वृद्धाश्रमात राहावं की घरी. मी खूश. फ्रिजवर, आरशावर, तांदळाच्या डब्यावर मी चिठ्ठ्या चिकटवून पाठ केलेले शब्द आहेत. शोमाज म्हणजे बेकारी, एक्सक्ल्युझियों म्हणजे वगळलं जाणं, प्रेकारिते म्हणजे आज आहे उद्या नाही अशी अवस्था. सगळे वापरले. 'दून पार' म्हणजे एका बाजूने असं, 'दोत्र पार' म्हणजे दुसऱ्या बाजूने तसं. दहा मिनिटं न अडखळता बोलले. मग परीक्षक बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, ''ए वू, मादाम?'' तुमचं काय मत? मी म्हटलं, ते ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर आहे. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, दोन्हीकडे तथ्य आहे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या घरी या विषयावर वेगवेगळी मतं आहेत. त्या हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. ते चार असणार.

आता खरी अडचण. शाळेत सहावी ते आठवीला मी फ्रेंच शिकवते ते करारावर, हे तुम्हाला माहीत आहे. नवे मुख्याध्यापक म्हणतात, या बी-टू पातळीचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर पुढचा करार विसरा. मे महिन्यात परीक्षा पुन्हा आहे. तुम्ही पुण्यात बत्तीस वर्षं हेच शिकवलंत. मला शिकवा, आणि चिडू नका.

तुमची,
भाग्यश्री

*

बिबवेवाडी, पुणे
१४ जानेवारी २०२५

चि. भाग्यश्रीस,
अनेक आशीर्वाद.

चिडले आहे.

तुझं फ्रेंच चांगलं आहे. चार गुण फ्रेंचला पडलेले नाहीत. बेचाळीस वर्षांच्या बाईला स्वतःचं मत विचारलं आणि ती घरच्यांची मतं सांगते, त्याला पडलेत. आणि ते बरोबर पडलेत.

आता नियम ऐक. दर पंधरा दिवसांनी एक विषय, एक पान, हाताने लिहिलेलं. मी लाल शाईने तपासून परत पाठवीन. 'दून पार, दोत्र पार' बंद. पहिला विषय तूच तुझ्या आजूबाजूचा घे. पॅरिसचा घेऊ नको, पॅरिसला आपली काळजी नाही.

श्रीपालला नमस्कार सांग. तो अजून कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या कंपनीतच आहे ना?

आत्ती

*

कोल्हापूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्तीस जय जिनेंद्र.

निबंध सोबत आहे. विषय: करारावरच्या नोकऱ्या. प्रेकारिते हा शब्द मी सहा महिने पाठ करत होते आणि परवा ध्यानात आलं की ते माझ्याच नोकरीचं नाव आहे.

पण मला भयंकर कंटाळा आलाय. चपात्या लाटताना क्रियापदं म्हणते, तर शेजारच्या तेजस्वीची सासू विचारते, ''ह्यो कुठला मंत्र गं?'' शाळेतली पोरं 'बोंजूर मादाम' असं म्हणतात की कुस्तीला आव्हान दिल्यासारखं वाटतं. श्रीपाल दुसऱ्या पाळीवरून येतात तेव्हा मी वही उघडून बसलेली असते. ते म्हणतात, ''एवढं मत मागत्यात तर दे की एकदाचं, आपलं काय जातंय?'' त्यांना सोपं वाटतं. मला लहानपणी पोहे हवेत की उप्पीट हेही कुणी विचारलं नव्हतं. आण्णा म्हणायचे, कुठलंच मत पुरं नसतं, हाच आपला धर्म. त्यांनी तर पोराचं नावच अनेकांत ठेवलं. तो मात्र सगळ्या गोष्टींत एकाच मताचा निघाला, स्वतःच्या.

त्यावरून आठवलं. अनेकांत रविवारी येऊन गेला, इरकल साडी घेऊन. आण्णांना जाऊन दीड वर्ष झालं, तर आता शेताचा उतारा एका नावावर करायचा म्हणतो. मे महिन्यात गडहिंग्लजला एक सही करायला जायचंय. अव्वाही येईल, तेवढीच आईची भेट होईल. परीक्षा झाल्यावरचा दिवस घे म्हटलं त्याला.

भाग्यश्री

*

पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

चि. भाग्यश्री,

निबंध परत पाठवते. व्याकरणाच्या चुका सात. 'पण' अकरा वेळा. मालकाची अडचण तू इतक्या कळकळीने मांडली आहेस की करार रद्द झाला तर तूच त्याचे आभार मानशील. अगं, जेवतेस कुठल्या हाताने? एका ना? मग लिही तसं.

आणि धर्माच्या आड लपू नको. दुसऱ्याची बाजू ऐकून घ्यावी यासाठी अनेकांतवाद आहे. स्वतःची बाजू गिळून टाकावी यासाठी नाही. माझा भाऊ तो सोयीने सांगायचा.

पुढचा विषय मी देते. 'वडिलांच्या जमिनीत मुलीला वाटा मिळावा का?' नवे शब्द खाली लिहिले आहेत. एरिताज, वारसा. पार, वाटा. रनोंसे, सोडून देणं. एगालिते, समता, तुला येतो. लागेल तेवढा वेळ घे. दुसरी बाजू एका ओळीतही दिसली तर तपासणार नाही.

आत्ती

*

कोल्हापूर
७ मार्च २०२५

ती. आत्तीस जय जिनेंद्र.

एक पान सांगितलं होतंत, तीन झाली.

मला काय झालं कळत नाही. आधी आठवडाभर सुचेना. तुमच्यावर, फ्रेंचवर, त्या मुख्याध्यापकांवर, सगळ्यांवर वैताग आला. मग एका शनिवारी शाळेतून आले, चहासुद्धा केला नाही आणि जी लिहायला बसले ती दिवे लागेपर्यंत. मी लिहिलंय की वाटा हा वाटा असतो, त्याच्या बदल्यात दिलेल्या साडीला भेट म्हणू नये. बहिणीचं सोडणं गृहीत धरतात आणि भावाला मात्र कुणी 'सोडतोस का' म्हणून विचारत नाही, असंही लिहिलंय. हे वाक्य तर मला फ्रेंचमध्येच सुचलं. मराठीत ते माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

श्रीपालना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना अक्षरही कळलं नाही, पण वाचून झाल्यावर विचारलं, ''कुणासंगं भांडालीयास?''

शेवटी उदाहरण तुमचं दिलंय. आण्णा नेहमी सांगायचे, चंदनाचा वाटा तिच्या शिक्षणात गेला. म्हणून लिहिलं की माझ्या आत्तीने जमिनीऐवजी शिक्षण मागून घेतलं आणि ती मोकळी झाली. असं प्रत्येकीला निवडता आलं पाहिजे. चांगला शेवट झालाय ना?

भाग्यश्री

*

पुणे
१८ मार्च २०२५

चि. भाग्यश्री,

निबंध उत्तम आहे. पंचवीसपैकी बावीस देते. मी इतके कुणाला देत नाही.

शेवट मात्र खोटा आहे. तुझा दोष नाही, तुला सांगितलं तेच तू लिहिलंस. माझं शिक्षण शिष्यवृत्तीवर झालं आणि उरलेलं शिकवण्या घेऊन. घरून डाळ, तांदूळ आणि शेंगा यायच्या, त्याबद्दल कृतज्ञ आहे. वाटा मी मागितला नाही आणि त्याच्या जागी दुसरं काही घेतलं नाही.

आप्पा, म्हणजे तुझे आजोबा, गेल्यावर १९८६ साली मला गावी बोलावलं. मी एकतीस वर्षांची, पुण्याच्या कॉलेजात प्राध्यापक. वहिनीने, म्हणजे तुझ्या अव्वाने, पुरणपोळी केली होती, नवी साडी हातात दिली. जेवण झाल्यावर एसटीने गडहिंग्लजला गेलो. कचेरीत हक्कसोडीचा कागद पुढे आला. आपल्याकडे बहिणीने तो कागद वाचायचा नसतो, हे तुला माहीत आहेच. वाचला तर भावावर विश्वास नाही असा अर्थ होतो. मी त्या महिन्यात वर्गात समतेवरचा धडा शिकवत होते, शब्दशः. आणि चार ओळी न वाचता सही केली. भाऊ म्हणाला, ''चंदे, शाणी हैस.'' मला बरं वाटलं होतं. त्याचीच आता जास्त लाज वाटते.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी फ्रेंचमध्ये निषेध करायला शिकवलं. मराठीत एकदाही केला नाही. परक्या भाषेत माणूस शूर होतो, कारण तिथे त्याला भाऊ नसतो.

म्हणून हा शेवटचा विषय. तीच तीन पानं मराठीत लिही. एका पानात बसव. वर 'प्रिय अनेकांत' असं लिही.

आत्ती

*

कोल्हापूर
४ एप्रिल २०२५

ती. आत्तीस,

जमणार नाही.

दोन आठवडे प्रयत्न केला. 'प्रिय अनेकांत' लिहिते आणि पुढे 'तुझी तब्येत कशी आहे' येतं. मग 'अव्वाला गोळ्या वेळेवर दे'. मग 'तसं माझं काही म्हणणं नाही, पण'. सहा कागद फाडले. फ्रेंचमध्ये तीन पानं धावत आली आणि मराठीत एक ओळ उठत नाही.

आणि मला तुमचा राग आलाय, तोही लिहिते. तुम्हाला पुण्यात बसून सांगायला काय जातं? तुम्ही गावी वर्षातून एकदा येता, पाव्हण्यासारख्या. मला माहेर लागतं. मला दिवाळीला तिथं जायचंय, माझ्या आदितीचं लग्न निघालं की मामा म्हणून तोच उभा राहणार आहे. अव्वा फोनवर म्हणाली, ''सही करून टाक बाई, घरातलं घरात.'' अनेकांत वाईट नाही. आण्णांच्या आजारपणात त्यानेच केलं सगळं, मी आठवड्यातून एकदा बस धरून जायची. तुम्हाला तुमच्या भावाशी जे बोलायला जमलं नाही, ते तुम्ही माझ्या तोंडून माझ्या भावाशी बोलवून घेताय. हे चूक आहे. मी परीक्षेसाठी मदत मागितली होती. मला तेवढीच द्या.

मी सही करणार आहे. २२ मे ठरलीय.

भाग्यश्री

*

पुणे
११ एप्रिल २०२५

चि. भाग्यश्री,

तुझं म्हणणं बरोबर आहे. माझं ओझं मी तुझ्या डोक्यावर ठेवत होते. मला माफ कर.

आता तुझं पत्र पुन्हा वाच. वडीलधाऱ्या माणसाला, मराठीत, तोंडावर, 'हे चूक आहे' असं लिहिलंयस. का चूक तेही सांगितलंयस. परीक्षेत एवढंच करायचं असतं. माझ्याकडे आता तुला शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही. फ्रेंच बातम्या ऐकत जा, आणि परीक्षेच्या आधी नीट झोप.

सही खुशाल कर. ती तुझी आहे. फक्त कागद वाचून कर. मी नाही वाचला, एवढंच माझ्या मनाला लागून राहिलंय. जमिनीचं नाही.

आत्ती

*

कोल्हापूर
२५ मे २०२५

ती. आत्तीस,
भाग्यश्रीचा जय जिनेंद्र.

दीड महिना लिहिलं नाही. आधी रागाने, मग अभ्यासाने, आणि गेले तीन दिवस काय लिहावं कळेना म्हणून.

परीक्षा झाली. विषय फालतू होता, शहरात सायकलींना वेगळी वाट असावी का. मी म्हटलं, असावी, आणि भांडले. परीक्षकांनी चार आडवे प्रश्न टाकले, मी एकदाही 'परिस्थितीवर आहे' म्हटलं नाही. मध्ये एक साधा शब्द अडला, चाक, तो हाताने गोल करून दाखवला. निकाल जूनमध्ये. पास झाले तर तुमच्यामुळे, नापास झाले तर चाकामुळे.

आता २२ तारीख. सकाळी अनेकांतची गाडी आली. अव्वाला पुढच्या सीटवर बसवलं होतं. त्याची बायको खास माझ्या आवडीच्या करंज्या घेऊन आली होती. सगळे इतके गोड वागत होते की मला रडू येत होतं. गडहिंग्लजच्या कचेरीत गर्दी. आमचा नंबर आला, कागद पुढे सरकला, अनेकांतने सहीची जागा बोटाने दाखवली. मी म्हटलं, ''वाचते.''

तो हसला. मग हसायचा थांबला. ''वाचायला काय झालं? मी काय परका हाय व्हय?''

''परका नाहीस. तरी वाचते.''

मागून कुणीतरी म्हणालं, ''पावणं, आवरा की, लाईन हाय.'' मनात वाचलं तर शब्द डोळ्यांपुढून पळतील, म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले, वर्गात पोरांना वाचून दाखवते तशी. गट नंबर, चतुःसीमा. 'आम्ही लिहून देणार आमच्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय.' आणि त्या 'आम्ही'मध्ये दोन नावं होती. माझं, आणि अव्वाचं. शेतातला तिचा वाटा, आणि ती राहते त्या घरातलाही.

अव्वा बाकावरून उठून जवळ आली. ''थांब की. परत वाच त्येवढं.''

परत वाचलं.

ती अनेकांतकडे वळली. ''मला साक्षीला न्हेतोय म्हणालतास न्हवं?''

तो म्हणाला, ''अव्वा, आमच्यातच ऱ्हानार हैस की तू. कागदाचं काय एवढं?'' आत्ती, मला वाटतं त्याने फसवायचं म्हणून केलं नव्हतं. सांगायचं असतं हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आपल्या घरात कुणाच्याच आलं नव्हतं. त्याचा चेहरा इतका पडला की मी सही करायला पेन उचललं होतं, खोटं कशाला बोलू. पण अव्वाने पदर खोचला, पिशवी घेतली आणि म्हणाली, ''मी आज अंगठा बी देत न्हाई आन् सही बी देत न्हाई. भाग्या, चल. मला कोल्हापूरला यायचंय.'' तिला सही येते. रागाने म्हणाली.

आम्ही एसटीने आलो. अनेकांत गाडीने सोडतो म्हणत होता, ती ऐकेना. निपाणी मागे पडली. मग तिने तुमचं विचारलं, ''वन्संनी वाचलंता काय गं त्येंचा कागद?''

म्हटलं, नाही.

ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, ''त्या दिवशी साडी मीच दिलीती त्येंच्या हातात. शाणपणानं दिलीती. वाटलं, बला गेली.'' आणि थोड्या वेळाने, ''तुजा वाटा न्यायाचा, माजा बी न्यायाचा. मग वन्संचा न्यायाचा न्हवता काय? का त्या पुण्याला गेल्या म्हणून त्यो संपला? तुला काय वाटतंय, सांग.''

आत्ती, परीक्षकांनी विचारलं त्यापेक्षा हे अवघड होतं. तुमचा वाटा धरला तर माझा निम्मा होतो, हे मला तिथल्या तिथे कळलं. गणित मला कधी इतकं पटकन आलेलं नाही. कायद्याने आता काही होत नाही, चाळीस वर्षांपूर्वीची सही ती सही, असं म्हणून सुटता आलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. तीन पानं समतेवर लिहिणारी मी, कागल येईपर्यंत तोंड मिटून बसले. अव्वा वाट बघत होती. शेवटी मी म्हटलं, ''होय. त्यांचाही.''

काल बसून पान लिहिलं. प्रिय अनेकांत. एका बैठकीत झालं. त्याच्या शेवटी आम्हा तिघींची नावं घातलीत, वयाप्रमाणे लावलीत आणि तिघींचाही वाटा धरायचा हे साध्या वाक्यात सांगितलंय. आज सकाळी पोस्टाच्या पेटीत टाकून आले. अव्वा अजून इथेच आहे. अनेकांतने अव्वाला फोन केला होता, मला केला नाही. दिवाळीचं काय होईल माहीत नाही. मला भीती वाटतेय.

तुम्ही या. अव्वा म्हणते, समोरासमोर बसून बोलायचं. तुमचा वाटा धरायचा हे मी मनापासून म्हटलंय. माझा कमी झाला याचं वाईट वाटतंय, तेही मनापासून.

तुमची,
भाग्यश्री